तंबूत दोनच खाटा

"मी धाकटीबरोबर जाईन," आईनं सांगितलं, आणि चष्मा काढून आफ्रिकेच्या नकाशावर ठेवला.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. त्याच्या एका कोपऱ्यावर मिठाची बाटली आणि दुसऱ्यावर आईच्या गोळ्यांचा डबा ठेवून थोरली पेन्सिलीनं नदीच्या काठाकाठानं चालली होती. ती पेन्सिल जागच्या जागी थांबली... नदीच्या त्या वळणावर एक तंबू होता, तंबूत दोन खाटा होत्या, आणि एक आईची, दुसरी आपली, हे थोरली इतकं धरून चालली होती की विचारायचंही तिच्या मनात आलं नव्हतं. आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर, आपल्याच कष्टांच्या फळावर दुसरीचं नाव पडावं! तिला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. तसं तिनं विचारलंही. आईनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, फक्त जरा सावकाश.

फळ तिच्या कष्टांचंच होतं. एका प्रवास कंपनीत ती लोकांच्या सफारी आखून द्यायची. कुठल्या तंबूतून पाणवठा दिसतो, पावसानंतर कुठल्या रस्त्यावर गाडी रुतते, छोट्या विमानात कडक पेटी का चालत नाही, सगळं तिला तोंडपाठ होतं, आणि आफ्रिकेच्या मातीला तिचं पाऊल मात्र कधी लागलं नव्हतं. हौशे, नवशे, गवशे, सगळे तिच्या बोटाला धरून सिंह बघून आले. ती आपली टेबलाशी. आता तिथं पाऊस सुरू होताना, म्हणजे हिरव्या हंगामाच्या तोंडावर, कॅम्प रिकामे पडतात. जिकडेतिकडे पाणी झालं की जनावरं पांगतात आणि सिंह मोजायला येणारे पाहुणे फिरकत नाहीत. अशा वेळी, वर्षानुवर्षं पाहुणे धाडणाऱ्याला एखादा तंबू भेट म्हणून द्यायची त्या धंद्यात रीत आहे. यंदा तो तंबू थोरलीला मिळाला होता.

आणि हंगामही आईच्याच मनातला होता. आईनं आयुष्यभर प्रसूतिगृहात नर्सची नोकरी केली. किती पोरं तिच्या हातावर जगात आली याचा तिनं कधी हिशेब ठेवला नाही. तिथं पाऊस आला की इंपाला नावाच्या हरिणी थोड्याच दिवसांत सगळ्या मिळून वितात, असं थोरलीनं एकदा जेवताना सांगितलं, तेव्हा आईचा घास हातातच राहिला होता. कुणी हात न लावता होणारं एक तरी बाळंतपण मला बघायचंय, असं ती म्हणाली होती. तेवढ्या एका वाक्यावर थोरलीनं ही सगळी सफारी उभी केली होती, आणि आता तीच आई म्हणत होती की सोबत दुसरी!

आईनं कारण दिलं नाही. प्रसूतिगृहात तिला सूचना द्यायची सवय होती, कारणं द्यायची नव्हती. थोरलीनंही विचारलं नाही. विचारलं असतं तर रडू आलं असतं, आणि आईसमोर रडणं तिला मुळीच मंजूर नव्हतं.

धाकटी दूरच्या शहरात दातांची डॉक्टर होती. सुटीच्या दिवशी फोन करायची, आईला तब्येत विचारायची, आई "बरी आहे" म्हणायची, की संपलं कर्तव्य! बाबा गेले तेव्हापासून आईचं सगळं थोरलीनं केलं. गुडघ्याच्या ऑपरेशनानंतर आईला धरून धरून चालवलं, डोळ्यांत औषध घातलं, दुसऱ्या शहरातली बढती चालून आली तेव्हा आईला कळायच्या आत नाकारून टाकली. आणि आज काय... पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. जवळ असते ती मोलकरीण, दूर असते ती लेक! असलं काहीबाही तिच्या मनात येत राही, आणि आपल्या मनात असलं येतं याचीच तिला शरम वाटे, आणि शरमेनं तो मत्सर आणखीच पेटून उठे.

धाकटी फोनवर "हो" म्हणाली. "आणि ताई?" एवढं तिनं विचारलं नाही. ते न विचारणं थोरलीच्या काळजात रुतून बसलं.

तरी आखणी थोरलीनंच केली, दुसरं कोण करणार? दात-ओठ खात केली, पण चोख केली. गाडीत आईला पुढची जागा, कारण मागे धक्के बसतात. तंबू जेवणाच्या जागेजवळचा, कारण गुडघे. घरात ती कामापुरतं बोलू लागली आणि आईचं ताट नेहमीपेक्षा जरा जोरात ठेवू लागली. आई निमूटपणे जेवायची.

मग एके दुपारी ऑफिसात कॅम्पच्या व्यवस्थापकाचा फोन आला. या माणसाशी ती कित्येक वर्षं बोलत होती, पाहिलं मात्र कधीच नव्हतं. तो म्हणाला, यंदा पाऊस लांबलाय. माती अजून लाल आहे, गवताचं पातं नाही, हरिणी जड पोटांनी सावलीला उभ्या आहेत. तुमच्या माणसांना पिल्लं बघायची असतील तर तारखा पुढे ढकला, तंबू रिकामाच आहे. थोरलीच्या डोळ्यांसमोर धुळीत बसलेली धाकटी आली, हिरमुसलेली, कंटाळलेली... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "असू द्या. आहेत त्याच तारखा राहू द्या." त्यानं दोनदा विचारलं. तिनं दोनदा तेच सांगितलं, फोन ठेवला, आणि घरी कुणाला काही कळवलं नाही.

ती काही खोटं बोलली नव्हती. गप्प राहिली होती, एवढंच! पण तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना, कारण धुळीत धाकटीच्या शेजारी आईही बसलेली दिसू लागली.

आईची बॅग भरताना तिच्या हाताला तो गडद निळा स्वेटर लागला. आईचा लाडका, ड्यूटीवर नेहमी हाच घालायची. तिथल्या चावऱ्या माश्या गडद निळ्यावर नेमक्या झेपावतात, हे थोरली प्रत्येक पाहुण्याला बजावून सांगे. तिनं स्वेटरची घडी घातली आणि बॅगेत ठेवली. वारत बसू दे धाकटीला माश्या, तिची आई आहे ना ती! दारापर्यंत गेली, थांबली, परत आली. स्वेटर काढून तिनं स्वतःच्या कपाटात ठेवला आणि त्या जागी मातकट रंगाचा दुसरा घडी करून घातला.

निघायचा दिवस जवळ आला तशी धाकटी आली. आल्या आल्या तिनं ताईला मिठी मारली आणि थोरली लाकडासारखी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली आंघोळ करून स्वयंपाकघरात येते, तो टेबलाशी आई चहा पीत बसलेली, समोर धाकटी, आणि ओट्यावर साखरेचा डबा उघडा.

थोरलीनं आईच्या हातातला कप काढून घेतला.

"तिला साखर चालत नाही. किती वर्षं झाली. एवढंही ठाऊक नाही तुला?"

धाकटीचा चेहरा उतरला. कुणी सांगितलंच नाही मला, असं काहीतरी ती पुटपुटली, आणि एवढी मोठी डॉक्टर बाई साखरेच्या डब्याचं झाकण लावता लावता रडायला लागली.

"मला कळलं होतं गोड आहे ते," आई म्हणाली.

"मग प्यायलीस का?"

"तिनं केला होता म्हणून."

झालं! इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं थोरलीच्या ओठांवर आलं. "आणि मी इतकी वर्षं बिनसाखरेचा करत आले, त्याचं काय? तुझा गुडघा मी चोळायचा, रात्री उठून मी बघायचं, आणि हरिणं हिला दाखवायची? तंबू माझा होता, आई. माझा. मला एकदा विचारायचं तरी होतंस..."

नळ ठिबकत होता, तो धाकटीनं घट्ट केला. आईनं दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि बोलली ती थोरलीकडे बघून, पण आवाज जणू फार लांबून येत होता.

"धाकटी झाली तेव्हा तू फ्रॉक घालत होतीस. मला लगेच ड्यूटीवर जावं लागलं. दुसऱ्यांची बाळं हातावर घ्यायची आणि घरचं बाळ तुझ्या खांद्यावर. संध्याकाळी यायचे, साबणानं हात धुऊन तिला घ्यायला जायचे, की ही तोंड फिरवून तुझ्या मानेत लपायची. रोज. तुला वाटायचं गंमत आहे, तू हसायचीस. मी मोरीत जाऊन रडायचे."

"आई..."

"मला तुझा हेवा वाटायचा, मोठे. एवढ्याशा पोरीचा. आपल्याच लेकीचा. तुला मी वाढवलं, पण हिला तू वाढवलंस. हिची आई व्हायचं माझं राहूनच गेलं. आता अंगात थोडं बळ आहे, तेवढ्यात होऊ दे की. तू बरोबर आलीस तर मी प्रत्येक गोष्टीला तुला हाक मारीन. आणि ही पुन्हा तुझ्याच मागे लपेल."

धाकटी आता मोकळेपणानं रडत होती. तिनं सांगितलं की ती फोनवर "आणि ताई?" हे मुद्दामच बोलली नव्हती, कारण विचारलं असतं तर ताई आली असती. आई माझ्याशी फक्त हवामान बोलते गं, ती म्हणाली, आणि तुझ्याशी सगळं. एकदा तरी मला आई एकटीला हवी होती.

थोरली खुर्चीवर बसली. इतके दिवस आपण एकटीच जळतोय असं तिला वाटत होतं, आणि इथं तर सगळं घरच्या घरात, तिघींच्याही पोटात, केव्हापासूनचं धुमसत होतं! तिला तो इवलासा, दुधाचा वास येणारा जीव आठवला, मानेत खुपसलेलं नाक आठवलं, आणि दारात ओल्या हातांनी उभी असलेली आई... ती तिला आज पहिल्यांदा दिसली. तिच्या अंतःकरणात काहीतरी कढत कढत विरघळलं.

ती उठली आणि तिनं तिथूनच कॅम्पच्या व्यवस्थापकाला फोन लावला. तारखा पुढे घ्या म्हणाली. तो खूश झाला. कालच क्षितिजावर वीज दिसली, असं त्यानं सांगितलं, आणि पुढे म्हणाला की कॅम्प सगळा मोकळाच आहे, हवं तर तिसरी खाट टाकतो, इतक्या वर्षांनी तुम्हीही या. आवाज मोठा असल्यामुळे ते दोघींनीही ऐकलं. धाकटीनं डोळे पुसले आणि जोरजोरात मान हलवली... ये, ताई, तूही ये.

नदीचं वळण थोरलीच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिसरी खाट. गाडीतली मागची जागाही चालली असती तिला. मग तिनं आईकडे पाहिलं. टेबलावरचे तिचे हात घट्ट मिटलेले होते.

"नको," थोरली फोनवर म्हणाली. "दोनच असू द्या."

फोन ठेवल्यावर तिनं दोघींना सांगून टाकलं की पाऊस लांबल्याचं तिला आधीच कळलं होतं आणि ती मुद्दाम गप्प राहिली होती. आईनं नर्सला शोभेल असं उत्तर दिलं. "बरं झालं आत्ता तरी बोललीस. कळा सुरू झाल्याशिवाय पाणी तापवून काय करायचं?" आणि तिघी हसल्या, रडता रडता.

नव्या तारखांना त्या गेल्या. थोरलीनं गोळ्यांचा डबा धाकटीच्या हातात दिला, समजावून मात्र काही सांगितलं नाही. सांगायचं असेल ते आईच सांगेल, असं ठरवून तिनं जीभ चावली.

एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. धाकटी होती, मागे पावसाचा आवाज. बोलताना तिला धाप लागत होती. एक हरिणी कळपातून बाजूला झाली, गाडीच्या समोरच, आणि पिल्लू झालं, पडलं, उठलं, पुन्हा पडलं... "आई एक शब्द बोलली नाही, ताई. नुसती मांडीवर बोटं हलत होती तिची. पिल्लू उभं राहिलं तेव्हा तिनं माझा हात धरला, तो अजून सोडला नाहीये. मी एका हातानं फोन केलाय."

मग आई आली. "जेवलीस का, मोठे?"

"जेवले. गोळ्या?"

"ही देते. चहाही बिनसाखरेचा करते. शिकली." मग आईनं आवाज खाली आणला. "जळतेस ना?"

"हो, आई. फार."

"माहीत आहे मला. मीही जळले होते. पण तेव्हा मला विचारायला कुणी नव्हतं."

थोरलीनं फोन ठेवला. ऑफिसातल्या एसीची हवा फार गार होती. कपाटातून आणून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला आईचा निळा स्वेटर तिनं अंगात घातला. त्याला अजून ड्यूटीवरच्या साबणाचा तो वास होता, आणि तिनं क्षणभर कॉलरमध्ये नाक खुपसलं. पोटात अजून दुखत होतं. तिनं ते दुखू दिलं, बाह्या वर सरकवल्या, आणि बाहेर खोळंबलेल्या पाहुण्यांना आत बोलावलं.