पाठीवरचा हात

बुद्धघोषला मी पहिल्यांदा पाहिलं तेच त्याच्यावर ओरडताना. इंदापुरात एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये माझा योगाचा क्लास चालतो, आणि हा माणूस कंपनीचे बूट घालून थेट माझ्या सतरंजीवर उभा होता. बूट बाहेर काढा, मी म्हणाले. त्याने बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बूट काढायचे सोडून हसला. माझं डोकंच सणकलं.

तो जवळच्या लोणी देवकर गावात कारखान्यात कामाला होता. आईला, शालनताईंना, गुडघ्यांसाठी क्लासला सोडायला आला होता. दुसऱ्या दिवशी सैल पायजमा घालून स्वतःच शेवटच्या रांगेत बसला.

नव्या माणसाला मी सगळं आधी बजावते. भरल्या पोटी येऊ नका, शेजारचा वाकतो म्हणून तुम्ही वाकू नका, दुखलं की तिथंच थांबा. आणि अंगात जुनं दुखणं असेल तर पहिल्याच दिवशी मला सांगा. शालनताईंनी गुडघ्यांपासून दाढेपर्यंत सगळं सांगितलं होतं, अर्धा तास गेला होता त्यात. याला विचारलं तर म्हणाला, "काय न्हाय, मॅडम. ठणठणीत हाय." शालनताई खिडकीबाहेर बघत बसल्या.

पुढे पंधरा दिवस त्याने मला छळलं. शवासनात डोळे मिटा म्हटलं की हा एकच डोळा मिटायचा.

"दुसरा?" मी विचारायची.

"त्यो ऐकत न्हाय मॅडम... लई समजावला."

सगळा वर्ग हसायचा. मी पाठ फिरवून हसायची, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडायची. क्लासला निघताना मी चांगली ओढणी शोधायला लागले होते, त्याचाही राग यायचा.

मग त्या संध्याकाळी पाय पसरून पुढे वाकायचं आसन घेतलं. त्याचे हात पायांपर्यंत पोचत नव्हते. मी मागे गेले, त्याच्या पाठीवर तळहात ठेवला. सदऱ्यातूनही पाठ गरम लागत होती... हात जरा जास्त वेळ राहिला, हे कबूल करते. "अजून थोडं," म्हणाले आणि दाबलं. तो वाकला. "आई गं" एवढंच म्हणून कुशीवर कलंडला, आणि त्याला उठताच येईना.

शालनताई रडत धावल्या, तेव्हा खरं बाहेर पडलं. दोन वर्षांपूर्वी कंपनीत माल उचलताना त्याच्या मणक्यातली गादी सरकली होती. पुढे वाकायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

"पाठीचं कळलं तर पोरगी कोण देतंय, मॅडम?" शालनताई म्हणाल्या. "म्हणून आमी कुनालाच बोललो न्हाय."

त्याला गाडीत घालून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. वाटभर मी उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. तपासणी झाली, नस वाचली होती. महिनाभर कडक बिछान्यावर पडून राहायचं, एवढ्यावर भागलं. मी बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि रडले.

चौथ्या दिवशी त्याच्या घरी गेले ती भांडायलाच. शालनताई माझा चेहरा बघून चहा टाकायला आत गेल्या.

"पाय गेले असते तुमचे," मी म्हणाले. "माझ्या हातानं गेले असते. तो हात घेऊन मी जन्मभर काय केलं असतं?"

तो छताकडे बघत पडून होता. "तुमी हात ठेवला... मग वाकणार न्हाय तर काय करणार माणूस?"

"दुखतंय म्हणायचं. तोंड आहे ना? माझ्यापाशी पन्नास आसनं आहेत, न वाकायची दिली असती."

"सांगितलं असतं तर तुमी न्हाय म्हणला असता."

"क्लासला कशाला नाही म्हणेन मी?"

"क्लासला न्हाय," तो हळूच म्हणाला. "मला."

आतली भांडी वाजायची थांबली. आणि मला आयुष्यात आला नव्हता इतका राग आला.

"मला विचारलं होतं का कुणी? मायलेकरांनी परस्पर बसून माझा नकार ठरवून टाकलात. मी पाठ बघून माणूस निवडते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग त्याने मान वळवली. तेवढीच वळवता येत होती त्याला.

"मग इचारू?" म्हणाला. "चालंल का मी... असा?"

खोटं बोलल्याबद्दल मी आधी त्याला पोटभर बोलून घेतलं. शालनताईंना चहासकट बाहेर बोलावलं, त्यांनाही बोलले. दोघांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. मग हो म्हणाले.