पाचूचा विसावा

आधीच सांगतो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, शब्दही साधेच असतील. तेवढं पोटात घाला. तोंडाने सांगायला गेलो की जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून लिहितोय.

मी रत्नं घासतो. दिवसभर समोर चाक फिरतं, त्यावर पाणी ठिबकतं आणि मी दगड टेकवून धरतो. कारखान्यात ओल्या भुकटीचा वास असतो, तो जेवतानाही बोटांतून जात नाही. संध्याकाळी जिना चढताना मधेच बसावं लागायचं. ताई म्हणायची, "तुझ्यापेक्षा वरच्या मजल्यावरचे आजोबा तरणे आहेत."

भाऊजी वारल्यापासून ताई, तिची लेक आणि मी, असे तिघंच राहतो. लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो. पाच वर्षांची आहे, पाय म्हणून जमिनीला लागायचा नाही.

एके दिवशी चर्चमधले फादर एक हिरवा दगड घेऊन आले. त्यांच्या धर्मग्रंथात शेवटी स्वर्गातल्या एका नगरीचं वर्णन आहे. तिच्या कोटाच्या भिंतीला बारा पाये, आणि प्रत्येक पाया एकेका रत्नाने सजवलेला. चौथा पाचू. चर्चच्या भिंतीवर तशी बारा रत्नं बसवलेली होती, त्यातला हा पाचू अंधुक झाला होता.

"लवकर होईल ना?" फादरनी विचारलं.

"पाचूची जात नाजूक, फादर," आमचे मालक काका म्हणाले. "रुसलेल्या जावयासारखं सांभाळावं लागतं. घाई केली की तडकला."

काम माझ्याकडे आलं. दुपारनंतर डोळ्यांची आग होऊ लागली. काकांनी वाकून पाहिलं.

"डोळे आहेत का निखारे? पाचूकडे बघ जरा. जुने कारागीर तसंच करायचे. शीण उतरतो म्हणतात."

"खरंच उतरतो?"

"मला काय ठाऊक? मी थकलो की चहा पितो."

मी दगड उजेडात धरला. आतलं हिरवं खोल होतं, विहिरीच्या तळासारखं. चाकाचा आवाज हळूहळू लांब गेला. शेवाळाचा वास आला. किती वेळ पाहत होतो, सांगता येत नाही. नजर काढली तेव्हा अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून ठेवल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी मी जिना धावत चढलो.

"आज काय पंख फुटले का?" ताई म्हणाली. मग आवाज खाली करून, "हळू. भिंगरी झोपलीय."

"एवढ्यात?"

"घास तोंडात तसाच ठेवून झोपली बघ."

पुढे रोज तेच झालं. मी पाचूत बघायचो, घरी ताजातवाना यायचो, घागरी भरायचो, ताईचे कपडे पिळून द्यायचो. भिंगरी मात्र भिंतीला टेकून बसायची. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले काही नाही, मूल वाढीला लागलंय. ताईने मान हलवली, पण बाहेर आल्यावर तिने माझं मनगट घट्ट धरलं. "मला हिच्याशिवाय कोण आहे रे?"

त्याच दिवशी अंधार पडताना मी भिंगरीच्या उशाशी बसलो होतो. तिने डोळे न उघडता उजवा खांदा चोळला. मी चोळतो तसाच, अंगठा आत खुपसून.

"मामा..."

"काय गं?"

"चाक बंद कर ना... हात भरून आलेत."

तिने कारखाना कधी पाहिलेला नाही. कोणाचा शीण कुठे उतरत होता, ते तेव्हा समजलं.

दुसऱ्याच दिवशी मी पाचू होता तसा फादरना नेऊन दिला. काका खवळले. मी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि म्हणालो, "मला जड काम द्या. सगळ्यात जड." मला थकायचं होतं. माझा शीण मला परत हवा होता. दिवसभर मी मोठे दगड फोडले. काका म्हणाले, "अंगात आलंय का तुझ्या?" तळहात सोलून निघाले. तरी मी दमलो नाही... पाचू डोळ्यांसमोर नव्हता, तरीही दमलो नाही.

घरी आलो तर ताई भिंगरीला कुशीत घेऊन बसलेली. "आज दिवसभर कण्हतेय," एवढंच म्हणाली.

आज सकाळी मी कामावर गेलो नाही. घागर उचलली नाही, जिना उतरलो नाही. भिंगरीच्या अंथरुणाशेजारी भिंतीला टेकून बसलो, अगदी न हलता. मी काही केलं नाही तर तिला तेवढाच विसावा, असं वाटलं. ताईही दारात उभी राहून बघत होती.

बऱ्याच वेळाने भिंगरीचे ओठ हलले.

"मामा... अजून किती चालायचं?"

"कोण चालतंय, बाळा? मी बसलोय ना..."

"पुढचे थांबतच नाहीत. ती हिरवी भिंत अजून लांबच आहे."

मी तिचे पाय मांडीवर घेतले आणि दाबू लागलो. तिच्या कोवळ्या तळव्यांना घट्टे पडले होते.