तारेवरचा भार

माझं काम कात्रीचं. खोल समुद्राच्या तळाशी खोदलेल्या भोकांत तारेने उपकरण सोडतात, ते खडकाची मोजमापं वर पाठवतं. अशा जुन्या नोंदी मी तपासते आणि त्यातल्या खोट्या उसळ्या कापून टाकते. खरं-खोटं ओळखायची रीत साधी आहे: प्रत्येक भोक दोनदा मोजतात. दोन्ही फेऱ्यांत रेघ सारखी आली तर ती खरी, नाहीतर गोंधळ. ऑफिसात मला 'कात्रीबाई' म्हणतात. मला त्याचा राग येत नाही, कारण कापायला मला मनापासून आवडतं.

मागे एका भोकाची फार जुनी नोंद आली. काम तातडीचं होतं, कारण त्याच भोकात एक जहाज पुन्हा उपकरण सोडणार होतं. त्या जहाजावर तार सोडणाऱ्या-ओढणाऱ्या यंत्रापाशी, विंचपाशी, उभा राहणार होता माझा धाकटा भाऊ. मी डोळ्यांत तेल घालून बसले.

खडकाच्या रेघा शहाण्यासारख्या होत्या. तारेवरच्या ताणाची रेघ तेवढी वेडी. पहिल्या फेरीत उपकरण खाली जाताना ताण हवा त्यापेक्षा साठेक किलो जास्त होता. भोकात चारशे मीटरवर तो जास्तीचा भार एकदम गेला, आणि वर येताना परतलाच नाही. दुसऱ्या फेरीत त्याचा मागमूस नव्हता.

मी धाकट्याला फोन लावला.

"अगं ताई, त्यांचा काटा बिघडला असेल," तो हसला. "तू कशाला जीव टांगणीला लावतेस?"

रीतीप्रमाणे तो गोंधळच होता. मी कापून टाकला.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला, पण आवाज त्याचा वाटेना.

"ताई, तार तुटत होती. एकेक पीळ सुटत होता आणि मी अगदी शेजारी. तुटली असती तर उलटून माझ्या मानेवरच आली असती. तेवढ्यात ताण उतरला. उपकरणाचं वजनच जाणवेना. आम्ही तार बांधून घेईपर्यंत तसंच."

"अडकलं असेल कुठेतरी."

"अडकलं असतं तर ओढताना कळलं असतं. अलगद आलं गं. खालून कुणी हात दिल्यासारखं."

"किती खोल होतं?"

"चारशेच्या आसपास."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. कुणाचे आभार मानायचे ते कळत नव्हतं, पण मानत होते. आईला सांगितलं तेव्हा तीही बराच वेळ म्हणत राहिली, "ज्याने कुणी केलं, त्याचं भलं होवो."

मग नवी नोंद तपासायला माझ्याकडेच आली. चारशेपर्यंत सगळं सुरळीत. तिथे ताण उतरला, काही मिनिटं तसाच राहिला. नंतर उपकरण वर निघालं.

साठेक किलो जास्त.

पार डेकपर्यंत.

मी कात्री लावली नाही. जुनी नोंदही होती तशी जोडली आणि दोन्हींपुढे शेरा लिहिला: खरं आहे, ठेवावं. लिहिताना मन निवांत होतं. धाकट्याला विचारलं, "उपकरणाबरोबर आणखी काही वर आलं का रे?"

"नाही. नुसतं पाणी."

तो घरी आला त्या दुपारी आई आणि मी त्याला घ्यायला खाली गेलो. आईने त्याला पोटाशी धरलं ते सोडेचना. शेवटी बॅग घेऊन तिघं लिफ्टमध्ये शिरलो. तीन माणसांची लिफ्ट. आम्ही तिघंही काडीपैलवान. बॅगेतही चार कपडेच होते.

जास्त वजनाची घंटा वाजू लागली.

धाकट्याने बॅग बाहेर काढली. घंटा थांबेना.

मी बाहेर आले. घंटा थांबली.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. दार मिटता मिटता आणखी हळू म्हटलं, "फार उपकार झाले."

बॅग उचलून मी जिन्याने वर पोचले. धाकटा कुलूप उघडत होता. आई अजून लिफ्टपाशीच होती. तिने एका हाताने दार धरून ठेवलं होतं, आणि वाट देण्यासाठी ती जराशी बाजूला सरकली.