शेवटच्या रांगेतून पहिला प्रश्न

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर एवढी साधी रचली नसती.

नेव्हिल माझा आतेभाऊ. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, ह्युऑन नदीच्या काठच्या एका गावात त्याचं पुस्तकांचं दुकान आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण दुकान अजून चालू आहे. त्यानं हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. चहा गार झाला तरी तो एका सुरात बोलत होता. मी त्यात पदरचं काही घातलेलं नाही.

घडलं ते गेल्या हिवाळ्यात; तिथं हिवाळा जून ते ऑगस्ट असतो. शेवटचा प्रकार जुलैमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी घडला. बाहेर दाट धुकं होतं.

नेव्हिलची बायको कॉरिन मे महिन्यात गेली. दुपारी पुस्तकांचा नवा खोका उघडायला खाली बसली, ती उठलीच नाही.

गावानं जेवण पाठवलं. भोपळ्याचं सूप, मटणाचे पाय, लसान्या. भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर ज्या त्या घराचं नाव. नेव्हिल भांडी घासायचा आणि परत नेऊन द्यायचा. त्याला तेवढंच सुचत होतं.

रडू आलं नाही. दातांच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल कसा आपला राहत नाही, तसा तो सगळाच झाला होता.

दुकानाच्या काचेवर कॉरिननं लावलेलं पोस्टर तसंच होतं. ‘हिवाळ्यातल्या लेखकभेटी’. तीन लेखक, तीन गुरुवार. तिघांनाही तिनंच पत्रं लिहून बोलावलं होतं.

"रद्द करून टाक," विनी म्हणाली. विनी समोरच्या घरात राहते. ऐंशीच्या पुढची आहे. उभा जन्म सफरचंदांच्या शेडमध्ये गेला, पण दुकानातला एक कार्यक्रम चुकवला नाही. "कुणी नावं ठेवणार नाही रे तुला."

"तिनं बोलावलंय त्यांना," नेव्हिल म्हणाला. "मी कोण रद्द करणारा?"

"अरे, मग पहिला प्रश्न कोण विचारणार?"

पहिला प्रश्न नेहमी कॉरिन विचारायची.

लेखकाचं बोलून संपतं. दुकानदार विचारतो, "काही प्रश्न?" आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागतात. ती शांतता कॉरिनला सहन व्हायची नाही. "पाहुण्याला घरी बोलवायचं आणि दारात उभं करून ठेवायचं, असं आहे हे," ती म्हणायची. म्हणून ती शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि लगेच हात वर करायची. तिनं विचारलं की बाकीच्यांची तोंडं सुटायची.

ती काय विचारायची, हे नेव्हिलला माहीत नव्हतं. त्या वेळी तो मागच्या खोलीत खाण्याची ताटं लावत असायचा.

"इतकी वर्षं ती प्रश्न विचारत होती," तो मला म्हणाला, "आणि मी चीज कापत होतो."

पहिल्या गुरुवारी मेलबर्नहून इमोजेन नावाची लेखिका आली. खुनांच्या कादंबऱ्या लिहिणारी, हसरी, मोकळी बाई. छान बोलली. मग नेव्हिलनं विचारलं, "काही प्रश्न?"

कुणीच बोललं नाही.

शेगडीत एक लाकूड तडकलं...

इमोजेननं मान वर केली. शेवटच्या रांगेकडे बघून हसली. "हो, बोला ना."

आणि ती ऐकत राहिली.

ऐकता ऐकता मान हलवत होती. मग हलवायची थांबली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"नाही," ती म्हणाली. "नाही हो. मला नाही जमायचं."

लोकांनी मागं वळून पाहिलं.

दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

"कादंबरीवाल्यांचं असंच," बॅरी म्हणाला. हा गावचा प्लंबर, कार्यक्रमाला फक्त खायला यायचा. "भिंतींशी गप्पा मारून पोट भरतात. आपण मारल्या तर डॉक्टर गोळ्या चालू करतात."

सगळे हसले. मग प्रश्न सुरू झाले आणि वेळ निघून गेली.

पुस्तकांवर सह्या करताना इमोजेननं हळूच विचारलं, "त्या बाई गेल्या का?"

"कुठल्या?"

"मागे बसलेल्या. पहिला प्रश्न विचारला ना त्यांनी."

नेव्हिलनं टेबलाची कड धरली. "काय विचारलं?"

तिनं पेनाला टोपण लावलं. "जाऊ द्या. ते मला विचारलं होतं त्यांनी."

रात्रीचं जेवण ठरलेलं होतं. ती थांबली नाही.

नेव्हिलनं पेले विसळले. आपण घाबरायला हवं, हे त्याला कळत होतं. पण भीती आली नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. एका परक्या बाईला कॉरिनचा आवाज ऐकू आला. मला नाही.

त्याला तो ऐकायचा होता. एकदाच. दुसरं काहीच नको होतं.

दुसऱ्या गुरुवारी तो मागच्या खोलीत गेलाच नाही. चीज तसंच अख्खं ठेवलं. त्या रिकाम्या खुर्चीमागे, तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

या वेळचा लेखक डेक्लन. जुन्या दीपगृहांवर लिहिणारा, धिप्पाड, घोगऱ्या आवाजाचा.

"काही प्रश्न?" नेव्हिलनं विचारलं आणि श्वास रोखला.

छपराच्या पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. बाकी काही नाही...

त्याच्या हाताखाली खुर्ची बारीकशी करकरली. बसलेलं माणूस बोलायला पुढं वाकलं की करकरते, तशी.

डेक्लननं कानामागे हात धरला. "माफ करा बाई, जरा मोठ्यानं?"

नेव्हिलनं मान खाली घातली. कान अगदी खुर्चीजवळ नेला.

काही नाही. श्वाससुद्धा नाही.

डेक्लन मात्र ऐकत होता. त्याच्या तोंडाचा रंग उडाला. घोटभर पाणी प्यायला.

"नाही," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "अजून नाही."

नेव्हिलनं त्याला बाहेर गाडीपाशी गाठलं. "काय विचारलं तिनं?"

"तुम्ही शेजारीच उभे होतात की."

"मला ऐकू येत नाही."

डेक्लन त्याच्याकडे बघत राहिला. "मग सुटलात," म्हणाला आणि गाडीची काच वर केली.

हे सगळं नेव्हिलनं विनीला सांगितलं. ती घाबरली असेल, पण तिनं दाखवलं नाही.

"म्हणजे लेखकाच्या खुर्चीत बसेल त्याला ऐकू येतं."

"मग मी बसतो."

"तू? किराण्याच्या यादीपलीकडे जन्मात काय लिहिलंयस तू?" मग तिचा आवाज उतरला. "नेव्हिल, पोरा, असल्या वाटेला जाऊ नये. गेलेल्याला जाऊ द्यावं."

"मी कुठं अडवलंय तिला?" नेव्हिल म्हणाला.

तिसऱ्या गुरुवारी सिडनीचा एक कवी यायचा होता. दुपारी त्याचा फोन आला. होबार्टच्या विमानतळावर धुकं इतकं होतं की विमान उतरलंच नाही, परत फिरलं.

कार्यक्रम रद्द झाल्याची चिठ्ठी दारावर लावायला हवी होती. नेव्हिलनं लावली नाही. अंधार पडला. शेगडी पेटली. माणसं मफलर सोडत, हात चोळत आत आली आणि आपापल्या खुर्च्यांवर बसली. विनी पहिल्या रांगेत. बॅरी चीजच्या ताटाजवळ.

नेव्हिल पुढं गेला आणि लेखकाच्या खुर्चीत बसला.

"कवीचं विमान परत गेलं," तो म्हणाला. "आज मीच बोलतो."

"कविता म्हणणार असशील तर आधी सांग," बॅरी म्हणाला. "मी बाटलीच जवळ घेऊन बसतो."

नेव्हिल बोलला. काय बोलला ते त्याला नीट आठवत नाही. कॉरिनला न आवडलेली पुस्तकं ती सगळ्यात खालच्या फळीवर कशी ठेवायची, गिऱ्हाइकानं वाकून त्यातलंच एखादं उचललं की कशी नाक मुरडायची. लोक हसले असावेत. स्वतःचा आवाज त्याला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता.

मग बोलणं संपलं. दुकानदार तोच होता. विचारायचं काम त्याचंच होतं.

"काही... प्रश्न?"

सगळं गप्प झालं.

त्यानं दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. रिकामी. नुसती लाकडाची खुर्ची. त्यानं जिवाचे कान केले.

काही नाही...

काही नाही...

बॅरीचं तोंड चालायचं थांबलं.

विनीची मान हळूहळू मागं वळली. मग तिच्या शेजारणीची. मग दुसऱ्या रांगेतल्यांची. एकेक करून सगळ्या माना मागं वळल्या आणि तशाच राहिल्या. कुणीतरी बोलत असताना आपण त्याच्याकडे वळतो, अगदी तशा.

कुणी हललं नाही. एका बाईनं तोंडावर हात ठेवला.

ते ऐकत होते.

सगळ्या गावाला ऐकू येत होतं. फक्त त्याला नाही.

मग त्या माना परत फिरल्या. सगळे त्याच्याकडे बघू लागले. उत्तराची वाट बघत.

"काय म्हणाली?" एवढंच विचारायचं होतं. पण ती बोलत होती तेव्हा हा आयुष्यभर मागच्या खोलीत होता. आता भर सभेत, तिच्यादेखत, पुन्हा कसं सांगायचं की मी ऐकलं नाही?

बायकोचं बोलणं ऐकलेलं नसलं की नवरे जे म्हणतात, तेच तो म्हणाला.

"हो."

विनी अर्धवट उठली. "नेव्हिल, अरे..."

मागून कुणाचा तरी हुंदका आला. बॅरीनं हातातलं ताट पुस्तकांवरच ठेवून दिलं.

दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही. लोकांनी कोट घातले आणि नेव्हिलकडे न बघता धुक्यात निघून गेले. विनी मागं राहिली. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"ऐकून म्हणालास ना? नीट ऐकून?"

"हो," तो पुन्हा म्हणाला.

एवढं सांगून नेव्हिल थांबला. माझ्या खिडकीबाहेर बघत राहिला.

"आता कसं वाटतंय?" मी विचारलं.

"तसंच. पण झोप लागते."

"उन्हाळ्यातल्या लेखकभेटी ठरवल्यास का?"

त्यानं मान हलवली. "नाही. लोकांना बोलावून ठेवायचं आणि आपणच नसायचं, बरं दिसत नाही."

हे त्यानं अगदी सहज म्हटलं. जणू कुठं गावाला निघाला होता.

मला राहवेना. पुढच्या आठवड्यात मी त्या गावी गेलो. बॅरी रस्त्यातच भेटला. मी विषय काढताच म्हणाला, "एकीकडे पाइप फुटलाय, पूर येईल घरात," आणि व्हॅन घेऊन गेला. बाकीच्यांनी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या.

विनीनं मात्र घरात घेतलं. चहा ओतला.

"नेव्हिलनं ऐकलंच नव्हतं," मी म्हणालो. "त्याला काही ऐकू आलं नाही. तो नुसताच हो म्हणाला."

तिच्या हातातली किटली तशीच राहिली.

किटली खाली ठेवून तिनं पडदा सारला आणि समोरच्या दुकानाकडे पाहिलं. नेव्हिल काच पुसत होता.

"काय विचारलं होतं कॉरिननं?"

विनी माझ्याकडे वळली. "तूही एकटाच असतोस ना रे? बायको गेल्यापासून?"

"हो."

"मग तुला नाही सांगणार."

"का?"

"तो न ऐकता हो म्हणाला," विनी म्हणाली. "तू ऐकून म्हणशील."

मला तिचं म्हणणं खोडायचं होतं. पण मी समोरच्या काचेतून दाराजवळची खुर्ची दिसते का, ते बघत होतो.