डर्व्हलाचं झाड

बिस्किटांच्या डब्याचं झाकण 'टप्' करून निघालं आणि दुपारच्या सामसूम स्वयंपाकघरात नोरीन स्वतःच दचकली. डब्यात बिस्किटं नव्हती. गेल्या पानगळीत वेचलेले अ‍ॅश झाडाच्या पानांचे काळे देठ होते. जून लागताच त्यांच्यावर अळंब्यांच्या इवल्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. अ‍ॅश वाळवणारा रोग पसरतो तो ह्यांच्यातूनच, हे आयर्लंडमधल्या ह्या किलकेनीत शाळेतली पोरंही सांगतील. लोक असे देठ जाळून टाकतात. तिने जपले होते.

अख्ख्या परगण्यातले अ‍ॅश वाळत चालले होते. तिचा नवरा फिंटन त्यांच्या बुंध्यातून हर्लिंग खेळायच्या काठ्या घडवायचा. वर्षभर त्याची करवत गप्प होती. गावात हिरवं उरलं होतं अ‍ॅशचं एकच झाड, नोरीनच्या धाकट्या बहिणीच्या, डर्व्हलाच्या अंगणात. बाबांनी घर तिलाच दिलं, झाडासकट. फिंटन रोज संध्याकाळी ते नुसतं बघायला जायचा. "काय बुंधा आहे गं!" जेवताना म्हणायचा. नोरीन ताटातला बटाटा काट्याने चिरडत राहायची.

"विकून टाक की ते फिंटनला," ती एकदा बहिणीला म्हणाली होती.

"बाबांचं झाड विकू? डोकं फिरलंय का तुझं?"

आज नोरीन डबा घेऊन बहिणीकडे गेली; डर्व्हला चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात नोरीनने डबा झाडाच्या मुळाशी रिकामा केला.

"काय गं, नजर लावतेस होय माझ्या झाडाला?" डर्व्हला खिडकीतून ओरडली.

"माझी नजर लागत असती तर कधीच वाळलं असतं!"

दोघी हसल्या.

तीन दिवसांनी गवतावर एकही देठ नव्हता. वाऱ्याने नेले म्हणावं, तर वारा सुटलाच नव्हता. पानं मात्र अधिकच गर्द झाली होती. नोरीनने रानातून पिशवीभर देठ आणून टाकले. तेही गेले.

तिसऱ्या खेपेला तिने वाकून मातीला हात लावला.

माती कोमट होती. एखाद्या तोंडासारखी ओली.

ती धावत घरी आली. हात घासघासून धुतले. कुणाला काही सांगितलं नाही.

तिची पाच वर्षांची लेक क्लोडा शेजारी येऊन उभी राहिली. महिनाभरात तिला मावशीकडे नेलंच नव्हतं.

"मम्मी," ती म्हणाली, "मावशीचं झाड विचारतंय, देठ संपले की तू त्याला काय भरवणार?"