शांततेत चौतीस गुण

आमच्या शाळेत गणिताला गुण असतात, विज्ञानाला असतात आणि गेल्या जूनपासून शांततेलाही असतात. मनगटावरची पट्टी नाडीचे ठोके मोजते आणि आपण शंभरपैकी किती शांत आहोत ते सांगते. मग काय विचारता! मधल्या सुट्टीत जो तो दुसऱ्याच्या मनगटाकडे डोकावून बघतो. शेजारच्या वर्गातल्या एका मुलाने तर शांततेची शिकवणी लावली आहे, आणि तिला उशीर झाला की तो धापा टाकत पळतो.

मला चौतीस मिळाले होते. गंमत म्हणजे पट्टीकडे पहिल्यांदा पाहिलं की साठ-बासष्ट दिसायचे, आणि बघत राहिलं की आकडा घसरायला लागायचा. असं का व्हावं, हे कोडं काही सुटेना.

एरवी मी ते सोडून दिलं असतं, पण प्रश्न बदकूचा होता. बदकू म्हणजे माझ्या हेमाआत्याने बनवलेला, बदकासारखा दिसणारा यंत्रमानव. उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो येतात, तेव्हा तो त्यांच्यात पोहत जाऊन त्यांना मोजतो. चालवणाऱ्याच्या मनगटावरच्या अशाच पट्टीशी तो जोडलेला असतो; ठोके संथ असले की त्याचे पाय संथ चालतात. ठोके वाढले की तोही फडाफडा पाणी उडवतो. गेल्या रविवारी मी त्याला चालवलं आणि अख्खा थवा उडवून लावला. आज मोजणीचा शेवटचा दिवस होता. आत्याने मला आणखी एक संधी दिली होती. आजही पक्षी उडाले, तर यंदा किती पिल्लं आली ते कुणालाच कळणार नव्हतं, आणि तेही माझ्यामुळे. होडीत बसताना मला रडूच येत होतं.

"आत्या, तूच चालव ना," मी म्हटलं.

"त्या नकोत," बदकू म्हणाला. "त्यांचं सगळं लक्ष माझ्या स्क्रूंकडे असतं. पण शर्वरीताई, आज मला लाथा झाडायला लावू नका हं."

आम्ही त्याला पाण्यात सोडलं. मी पट्टी पाहिली. अठ्ठावन्न. पुन्हा पाहिली. एक्कावन्न. बदकूचे पाय फडफडायला लागले आणि कडेच्या दोन रोहितांनी माना वर केल्या.

आत्याने वल्हं उचलून होडीवर आडवं ठेवलं. आमच्या घरातले सगळे मासेमार जाळं टाकण्याआधी असंच करतात. 'पाणी बसू दे' म्हणतात आणि गप्प राहतात. मला वाटायचं, हात दुखत असतील.

"शरू, तू शांत होत नाहीयेस, शांततेची परीक्षा देतेयस," आत्या म्हणाली. "आकडा बघितलास की मेंदूला वाटतं निकाल लागला. मग हृदय धावायला लागतं."

"म्हणून आकडा घसरतो होय! मग मी करू काय?"

"हे बघ, एक असतं ताणलेलं लक्ष (आपण जोर लावून धरून ठेवतो ते). गणित सोडवताना, मोबाइलवरच्या ढीगभर मेसेजांतून हवा तो शोधताना तेच लागतं. वल्हवून हात थकतात तसं तेही थकतं. दुसरं सहज लक्ष (आपोआप लागतं ते). ते लागलं की पहिल्याला सुट्टी मिळते. वल्ह्याचं टोक बघ."

टोकावरून थेंब पडत होते. प्रत्येक थेंबाचं एक वर्तुळ व्हायचं. दोन वर्तुळं एकमेकांत शिरायची आणि न मोडता पलीकडे निघून जायची. हे मी कधी पाहिलंच नव्हतं!

"आता श्वास सोड, घेतलास त्याहून सावकाश. मेंदूपासून हृदयापर्यंत व्हेगस चेता (एक लांबलचक नस) जाते. श्वास लांब सोडला की ती हृदयाला सांगते, दमानं घे."

"मग लक्ष थकवणारा मोबाइल पाण्यात टाकू?"

"वेडी की काय! बदकूची अर्धी जुळणी मी मोबाइलवर बघून शिकले. मेसेज वाजला की उघडायच्या आधी असाच एक श्वास सोडायचा. एवढं पुरतं."

मी श्वास सोडला. वर्तुळं बघत राहिले. एक खंड्या सुळकन पाण्यात शिरला आणि मासा घेऊन गेला. किती वेळ गेला कोण जाणे! मान वर केली तर बदकू थेट थव्याच्या मधोमध होता, आणि एकही पक्षी उडाला नव्हता.

"कुणीतरी माझी शेपटी चावतंय," होडीतल्या स्पीकरमधून त्याचा बारीक आवाज आला. "करड्या पिसांचं आहे, म्हणजे पिल्लूच. एकशे बारा... एकशे तेरा..."

पिल्लांची मोजणी एकशे सतरावर थांबली. गेल्या वर्षी फक्त एक्केचाळीस होती! मला ओरडावंसं वाटलं, पण मी तोंडावर दोन्ही हात घट्ट दाबून धरले. आत्याने मला जवळ ओढलं. तिचे डोळे भरून आले होते.

"ही गुलाबी कधी होणार गं?" मी हळूच विचारलं.

"दोन-तीन वर्षं लागतील."

म्हणजे तेव्हा मी दहावीत असेन. असू दे. मी येणारच. आता ती पिल्लं माझ्या ओळखीची आहेत.