जरा आवाज करून दाखवा

निताने कारंजा गावातल्या कंप्युटरच्या दुकानात फोन लावला तेव्हा ती भांडायच्या पूर्ण तयारीत होती.

नवा कंप्युटर घरात येऊन आठवडा झाला होता. तहसीलमध्ये कारकून असलेल्या तिच्या बाबांनी, शेषरावांनी, मॉनिटर मांडीवर घेऊन तो जीपमधून मंगरूळपीरला आणला होता. आईने, म्हणजे बेबीताईने, त्यावर स्वतः विणलेला रुमाल टाकला होता. कंप्युटर झकास चालायचा. इंटरनेट मात्र... ते यायचं फोनच्या तारेतून. मोडेम नावाची डबी आधी किंचाळायची, मग पडद्यावर एखादं पान वरून खाली हळूहळू उमटायला लागायचं आणि अर्ध्यातच लाईन तुटायची. निताला बी.एड.च्या कॉलेजांची माहिती हवी होती. आठवडाभरात तिला एका कॉलेजचं गेट दिसलं होतं. तेही वरचं अर्धं.

"तुमचा कंप्युटर परत घेऊन जा!" ती फोनवर म्हणाली.

"घेऊन जातो जी," पलीकडचा आवाज शांतपणे म्हणाला. "पण त्यानं केलं काय?"

निताला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच राग आला.

"इंटरनेटची लाईन तुटते. घडीघडी!"

"तुटाच्या आधी मोडेम आवाज कसा करते?"

"करते कसातरी. कर्कश."

"कसातरी म्हंजे नाही समजत मॅडम. मोडेमचं दुखणं आवाजातच कळते. जरा... आवाज करून दाखवा ना."

निताने मागे पाहिलं. बाबा पेपरात होते. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. निताने रिसीव्हरभोवती हाताचा आडोसा केला, डोळे मिटले आणि...

"टीं टीं टीं... कीऽऽ... घुर्रर्र... खर्रर्र... टाँग!"

बाबांचा पेपर खाली आला. आईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"काय झालं वो पोरीले?" तिने बाबांना विचारलं.

निताने डोळे उघडले.

"हॅलो? समजलं का?"

"थोडंसं समजलं," तो म्हणाला. त्याचा आवाज हसू दाबल्यासारखा येत होता. "शेवटचं ते टाँग नीट नाही आयकू आलं. आजून एकडाव करता का?"

तिने आणखी एकदा केलं.

त्याचं नाव धम्मरत्न. मूळचा किन्हीराजा गावचा, कारंज्यात हेमसिंगच्या दुकानात कंप्युटर दुरुस्त करायचा. अडचण एकच होती. बोलणंही त्याच तारेतून आणि इंटरनेटही त्याच तारेतून. तो एखादी युक्ती सांगायचा आणि म्हणायचा, "आता फोन ठेवा आन् लावून पाहा." ती फोन ठेवायची, मोडेम किंचाळायचा, लाईन तुटायची, की पुन्हा त्याला फोन. त्यामुळे त्यांचं बोलणंही तुकड्यातुकड्यानेच व्हायचं. एका फोनवर त्याने विचारावं, "जेवण झालं का?" आणि पुढच्या फोनवर तिने सांगावं, "झालं. आणि लाईन बी तुटली."

एका दुपारी लाईन टिकली. चांगली टिकली! कॉलेजचं अख्खं पान उघडलं, प्राचार्यांचा फोटो पार बुटांपर्यंत दिसला. निता मात्र प्राचार्यांकडे न बघता बाजूच्या फोनकडे बघत बसली होती. आणि मग लाईन गेली.

"तुटली!" ती इतक्या आनंदाने ओरडली की कोण पास झालं ते विचारायला आई धावत आली.

बाबांचा मात्र धीर संपला. "बस झालं आता. रविवारी कंप्युटर वापस. मले असा रोजचा शिमगा नाही पाह्यजे घरात."

निताने हे धम्मरत्नला सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

"नका होऊ देऊ वापस," तो म्हणाला. "मीच येतो."

रविवारी तो सकाळच्या एसटीने आला. आवाजावरून निताने उंचापुरा माणूस कल्पिला होता. दारात उभा होता तो तिच्याच उंचीचा, मोठ्या कानांचा, पोपटी स्वेटर घातलेला मुलगा. तिला तो कल्पनेतल्यापेक्षा बरा वाटला. का, ते सांगता आलं नसतं.

"तुमीच ना?" तो म्हणाला, आणि त्याचे ते मोठे कान लाल झाले.

तो टेबलाखाली शिरला. तार चाचपत भिंतीभिंतीने सरकत स्वयंपाकघरात पोचला. तिथे त्याच लाईनवरचा दुसरा फोन होता. बैठकीत मोडेम किंचाळत होता. तेवढ्यात बेबीताईने हात पुसले, तो फोन उचलला, कानाला लावला आणि "आजून कुरकुरच करून राह्यला मेला" म्हणत ठेवून दिला.

बैठकीत लाईन तुटली.

"काकू," धम्मरत्नने हळूच विचारलं, "तुमी हे नेहमी करता?"

"हो ना. आमच्या नानीबाईचा, माह्या बहिणीचा फोन येनार असते. लाईन मोकळी हाये का ते पाह्यतो."

"काय निघालं रे?" बाहेरून शेषरावांनी विचारलं.

बेबीताईच्या ध्यानात आलं. तिचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांचा शिमगा कुणामुळे, हे आता नवऱ्याला कळणार होतं, आणि पुढचं वर्षभर ते ऐकावं लागणार होतं.

धम्मरत्नने तिच्याकडे पाहिलं. "काही नाही काका!" तो ओरडला. "जोड ढिला होता. इथं एक बटन लावून देतो. इंटरनेट चालू असलं का इकडचा फोन बंद."

निता दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

जेवताना बेबीताईने त्याच्या ताटात तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची भाजी इतकी वाढली की त्याला पोळी ठेवायला जागा उरली नाही. शेषराव तर खुशीत एकामागून एक पेपर कंप्युटरवर उघडत होते. पानं भराभर येत होती. घरात दोघंच जण खुश नव्हते.

निता त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली.

"आता काही बिघडणार नाही," ती म्हणाली.

"नाही."

"चांगलं झालं."

"लयच चांगलं झालं," तो रडवेल्या तोंडाने म्हणाला.

"एक इचारू? मी आवाज करून दाखवला, त्याच्यातून तुमाले काय समजलं होतं?"

"काहीच नाही."

"मंग दुसऱ्यांदा काहून करायले लावला?"

त्याने चपलांकडे पाहिलं. "त्याचा कंप्युटरशी काही संबंध नव्हता जी," तो म्हणाला, आणि ती काही बोलायच्या आत बसस्टँडकडे जवळजवळ पळतच गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निताने घरभर फेऱ्या मारल्या. बाबा ऑफिसात होते. फोन करायला काही कारणच उरलं नव्हतं. शेवटी तिने बिनकारणाचाच लावला. हेमसिंगने उचलला.

"आता काय बिघडलं मॅडम?"

"काही नाही. धम्मरत्नले द्या."

धम्मरत्न आला. "बोला," म्हणाला, अगदी ताठ आवाजात.

"मालक जवळच हायेत?"

"हो."

"मंग तुमी फक्त हो का नाही ते सांगा. बोलते मी." "काल तुमी आईले वाचवलं. मी पाह्यलं. तुमी मले... आवडता. आधीपासूनच आवडत होते, पण काल तं... मी तुमाले आवडतो का?"

घाबरून आईच्या 'पाह्यतो'सारखंच गावचं 'आवडतो' तोंडातून निघालं होतं. पलीकडे कुणीतरी प्रिंटरची शाई मागत होतं.

"हो," धम्मरत्न म्हणाला. मग तेवढं कमी पडेल असं वाटून, "हो, हो. लय."

निता भिंतीला टेकली. मागे बांगड्या वाजल्या. आई दारात उभी होती, किती वेळची कोण जाणे.

"त्याले म्हण, येत्या रविवारी मायले घेऊन ये," बेबीताई म्हणाली. "तुह्या बाबाचं मी पाह्यतो."

निताने जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज झाला. मग हेमसिंगचा वैतागलेला आवाज आला, "अरे, किती वेळ? शेवटी काय झालं त्यांच्या लाईनचं?"

"काही नाही सेठ," धम्मरत्न म्हणाला. "जुळलं."